खोडाखोडीसकट

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या पेढीच्या पोटमाळ्यावर
दोन सर्व्हर आहेत माझ्या ताब्यात.
पंख्यांच्या जाळीवर पिवळी पूड बसते,
ब्रशने झाडते मी. घरी गेल्यावर आई म्हणते,
तुझं रोजच लग्न लागतंय वाटतं.

आत लिनक्स आहे.
दिवाणजी भूपाल मगदूमना एकदा समजावलं होतं,
हा उघडा सौदा, काका.
आत काय चाललंय ते कुणीही वाचावं,
चूक दिसली तर बोट ठेवावं.
लहानपणी त्यांनी पाहिले होते
रुमालाखाली बोटं दाबून ठरणारे भाव.
‘म्हंजे रुमाल काढला म्हणायचं.’
हो. रुमाल काढला.

आधी रात्री एकला बॅकअप व्हायचा.
म्हणजे मधला अख्खा दिवस
अंगणात वाळत घातलेल्या हळदीसारखा,
आभाळाच्या भरवशावर.
मग मी नवी सोय लावली:
डिस्कवर आकडा उमटला की तेव्हाच
त्याची जोड निघते जतला,
पेढीच्या जुन्या गोदामात.
जत. जिथं टँकरच्या वाटेकडे तोंड करून
घागरी रांगेत बसलेल्या असतात,
आणि कृष्णेचं पाणी येणार, येणार.
ते अजून वाटेत आहे.
आमची बेरीज अर्ध्या सेकंदात पोचते.

मगदूम म्हणाले, ‘आमच्या आज्ज्याचं हरिपुरात पेव होतं.
तोंड लिंपलं की आतली हळद दोन वर्सं जिती.
पर पाणी खालनं आलं.’
मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

ऑगस्टात लोक आयर्विनच्या खांबावर फूट मोजत उभे.
चाळीस. त्रेचाळीस.
पेढीत घोटाभर पाणी,
आणि हा माणूस खुर्चीवर मांडी घालून पट्ट्या करतोय.
यूपीएस तळमजल्यावर ठेवलेला,
तो माझा मूर्खपणा.
चौथ्या दिवशी पोटमाळाही गेला.

मिरजेवरून, कवठेमहांकाळवरून
मी जतला पोचले तेव्हा बुटांवरचा चिखल
वाळून पडत होता तिथल्या धुळीत.
गोदामातलं यंत्र विचारत होतं:
कोणत्या क्षणापर्यंत परत जायचं?
चार वाजून सव्वीस मिनिटं, अकरा सेकंद.
सगळं आलं. शेवटच्या पट्टीवर
‘राजापु’ एवढंच, पुढचं अक्षर पाण्यात.

रोजच्या बॅकअपला फक्त शेवट ठाऊक असतो.
याला सगळं ठाऊक असतं.
सहज मागे सरकत गेले आणि दिसलं:
आक्काताई लवटे, डफळापूर.
तीन सत्तेचाळीस, नववा सेकंद: भाव बारा हजार चारशे.
एकतिसावा सेकंद: चौदा हजार दोनशे.
बावीस सेकंद.
म्हाताऱ्या डोळ्यांनी आकडे उलटे वाचले असतील.
किंवा कुणी आत येऊन उभं राहिलं असेल.
किंवा कुणीच आलं नसेल,
आणि तरीही.

पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल काढत होतो.
‘समदं घावलं?’
सगळं.
‘खोडाखोडीसकट?’
फावडं थांबलं माझं. म्हटलं, खोडाखोडीसकट.
ते भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेकडं बघत होते.
‘बरं झालं. वही हुती तवा
मी पानच फाडायचो.’

मी विचारलं नाही, कशाचं पान.

तीस दिवस ठेवते मी प्रत्येक क्षण वेगळा.
त्यानंतर जागा वाचवायला
यंत्र त्यांना एकमेकांत मिसळून टाकतं,
उरतो तो शेवटचा आकडा,
चौदा हजार दोनशे, नीट, बिनडागाचा.
मुदत वाढवता येते. एका ओळीचं काम.

आज एकोणतिसावा दिवस.
नव्या जाळीवर पूड बसायला लागलीय.
खाली मगदूम कुणाला तरी भाव सांगतायत,
दोनदा, मोठ्यानं.